जादा गियरची जीप

खर्डा,
११ फेब्रुवारी १९९६

ती. काका यांना,
सप्रेम जय भीम.

लष्करात तुम्ही इतकी वर्षं गाडी चालवलीत, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, आईला नाही. तिला यातलं काही सांगू नका. अजून काहीच ठरलेलं नाही आणि ती उगाच घोर लावून घेईल.

दवाखान्याला जीप मंजूर झाली. ज्या संस्थेनं मला डॉक्टर म्हणून इथं पाठवलं, तिचं काम पुण्यात सुमंत सर पाहतात. त्यांचं परवा पत्र आलं. आजवर मी आणि आमचा कंपाउंडर आसाराम, कधी एसटीनं, कधी कुणाच्या मोटारसायकलवर, पुष्कळदा पायी वस्त्यांवर जातो. त्यामुळे पत्र वाचल्यावर आधी आनंदच झाला. मग सरांनी सोबत पाठवलेलं कंपनीचं माहितीपत्रक उघडलं आणि तेव्हापासून डोकं चालेनासं झालं आहे.

जीप दोन तऱ्हेची मिळते. एक साधी, जिच्या फक्त मागच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. दुसरी दिसायला तीच, पण तिला कारखान्यातूनच खडतर रस्त्यांसाठीचं ‘खास पॅकेज’ बसवून येतं. एक जादा गियर, तो टाकला की चारही चाकांना जोर. खोल खाचांचे टायर, इंजिनाखाली जाड पत्रा, आणि पुढच्या बाजूला तारेचा दोर गुंडाळलेलं एक यंत्र, अडकलेली गाडी झाडाला दोर बांधून ओढून काढायला. यातलं एखादंच घेऊ म्हटलं तर ते मिळत नाही. घेतलं तर सगळं, नाही तर काहीच नाही. नंतर बसवूनही देत नाहीत.

सर म्हणतात, पॅकेज नको असेल तर त्याच्या पैशात दवाखान्याला फ्रीज घेता येईल. फ्रीज मला हवा आहे, काका. लस मी जामखेडहून बर्फाच्या डब्यात आणते आणि उन्हाळ्यात इथं पोचेपर्यंत बर्फाचं पाणी झालेलं असतं.

पण वरची वस्ती डोळ्यापुढून जात नाही. खर्ड्यातून डोंगराकडे निघालं की मुरमाचा रस्ता संपतो, मग काळ्या मातीचा पट्टा लागतो, मग ओढा आणि पुढे चढ. गेल्या पावसाळ्यात तिथली एक बाळंतीण लोकांनी बाजेवर घालून खाली आणली. ती वाचली, मूल गेलं. गाडी असती तर, असं तेव्हापासून मनात येतं. आता गाडी येते आहे, तर कुठली गाडी, हे ठरवता येत नाही.

मला तुम्ही चालवायला शिकवलंत, पण गाडीतलं मला काही कळत नाही. घेऊ की नको, एवढंच कळवा.

तुमची,
दीपा

---

बेलापूर,
२० फेब्रुवारी १९९६

चि. दीपास,
अनेक आशीर्वाद व जय भीम.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. यात इतका इचार करण्यासारखं काय हाय तेच कळंना. पॅकेज घे.

लेहच्या रस्त्याला आमच्या तुकडीच्या गाड्या बर्फात अडकल्या होत्या. पुढं साधा ट्रक होता, तो जाग्यावर चाकं फिरवत बसला. माझ्या गाडीला पुढचा एक्सल चालू होता. मी कडेनं गाडी घातली, पुढं काढली आणि त्या ट्रकाला मागं बांधून ओढला. साहेबानं सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. तवापासून माझं मत पक्कं हाय, ज्या गाडीची चारी चाकं कामाला लागत न्हाईत ती अर्धी गाडी.

तुझ्यासाठी मी श्रीरामपूरला जाऊन शोरूमलाही चौकशी केली. तिथला पोरगा मला रंग दाखवत बसला. गियर कसा पडतो इचारलं तर म्हणला, बाबा, आपल्या भागात हे कुणी घेत न्हाई, उसाच्या शेताला ट्रॅक्टर घ्या. त्याचं काही मनावर घेऊ नको.

फ्रीजचं नंतर बघता येईल. गाडी एकदाच येते.

एक चूक झाली. वहिनी बाहेर ओट्यावर बसल्या होत्या आणि मी पत्र मोठ्यानं वाचत होतो. मला मोठ्यानं वाचायची सवय हाय हे तुला माहीत हाय. तुझ्या आईला सगळं कळलं. लगेच उठून आत गेल्या. पण काळजी करू नको, मी समजावतो.

तुझा काका,
जालिंदर

---

खर्डा,
१ मार्च १९९६

ती. काका यांना,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र वाचून माझं ठरलं होतं. सुमंत सरांना उत्तर लिहून पाकिटात घातलं, आणि ते पाकीट अजून माझ्या टेबलावरच आहे.

झालं असं की मी जामखेडला लस आणायला गेले होते. तिथं एसटी स्टँडच्या मागं श्रीमंत नावाचा मेकॅनिक आहे, तालुक्यातल्या बहुतेक जीपगाड्या तोच दुरुस्त करतो. त्याला सहज विचारलं. तो हात पुसत म्हणाला की मॅडम, असली एक गाडी मी कधीतरी उघडलेली आहे, पुन्हा जोडताना दोन वस्तू उरल्या. त्या कशाच्या होत्या ते अजून कळलेलं नाही. पुढचा एक्सल बिघडला तर सामान पुण्याहून येणार, गाडी तोवर उभी. शिवाय वजन जास्त, डिझेल जास्त, स्टिअरिंग जड. साधी गाडी असेल तर तो रस्त्यात येऊनसुद्धा चालू करून देईल.

मला त्याचं पटलं. पटलं तेव्हा वाटलं की बिघडून उभी राहिलेली चांगली गाडी काय कामाची. परत येताना एसटीत बसले, डोंगर दिसायला लागला आणि ते पटेनासं झालं.

आसाराम म्हणतो फ्रीज घ्या. वरच्या वस्तीवरची बनुबाई सुईण मंगळवारी दवाखान्यात आली होती, तिला विचारलं. ती म्हणाली, “पावसात आमच्याकडं ट्रॅक्टर बी येत न्हाई, तुमची गाडी कशाला यील?” म्हणजे येणारच नाही म्हणून घेऊ नको, की कुणीच येत नाही म्हणून घे?

तुमचा बर्फ आणि आमची काळी माती, यांत काही फरक असतो का? नीट विचार करून लिहा. मी पाकीट तसंच ठेवते.

आई काय म्हणाली?

तुमची,
दीपा

---

बेलापूर,
९ मार्च १९९६

चि. दीपास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी पुन्हा इचार केला. साधी गाडी घे. मेकॅनिक सांगतो ते बरोबर हाय. फ्रीजची सोय होते ते बघ. लहान पोरांच्या लसी महत्त्वाच्या.

बर्फाचं आणि मातीचं म्हणशील तर फरक असतो.

इकडे सर्व ठीक. वहिनींची तब्येत बरी हाय.

तुझा काका,
जालिंदर

---

खर्डा,
१७ मार्च १९९६

ती. काका यांना,
जय भीम.

फेब्रुवारीत तुम्ही लिहिलंत, जिची चारी चाकं चालत नाहीत ती अर्धी गाडी. मार्चमध्ये लिहिता, अर्धी गाडी घे. मध्ये काय झालं ते तुम्ही लिहीत नाही. मी तुम्हाला विचारलं ते माझा गोंधळ कमी व्हावा म्हणून.

तुमच्यावर चिडून मी स्वतःच खात्री करायचं ठरवलं. सुमंत सरांना तार केली, त्यांनी पुण्याच्या विक्रेत्याला सांगितलं आणि गेल्या गुरुवारी पॅकेज बसवलेली एक जीप दाखवायला म्हणून खर्ड्यात आली. सोबत टाय घातलेला एक विक्रेता. वरच्या वस्तीचा रस्ता सध्या कोरडा ठणठणीत, तिथं तर बैलगाडीही जाते. म्हणून चिखल कुठे मिळेल असं त्यालाच आम्हाला विचारावं लागलं. आसारामनं पाझर तलावाकडे नेलं. पाणी आटून काठाला गाळ राहिला आहे, वरून सुकलेला आणि आतून ओला.

विक्रेत्यानं तो जादा गियर टाकला, मला म्हणाला घट्ट धरून बसा, आणि गाडी गाळात घातली. गाडी तिच्या लांबीइतकी पुढे गेली आणि बसली. मागची चाकं फिरत राहिली, गाळ उडून त्याच्या टायवर आला. पुढची चाकं ढिम्म. मग त्याला तारेच्या दोराची आठवण झाली, पण तलावाच्या काठावर बांधायला झाड कुठलं? शेवटी बैलजोडी आणून गाडी बाहेर काढावी लागली. तोवर निम्मं गाव जमलं होतं. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट वाटलं.

गाडी बाहेर आल्यावर विक्रेत्यानं पुस्तिका काढली. त्यात लिहिलं होतं की नुसता गियर टाकून भागत नाही, आधी खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यावरची चकती हातानं फिरवावी लागते. ती फिरवली नाही तर पुढची चाकं मोकळीच राहतात. ते त्याला माहीत नव्हतं. पुन्हा गाळात घालून बघा म्हटलं तर तयार झाला नाही.

आता सांगा, मी यातून काय समजायचं? पॅकेज असूनही गाडी अडकली. पण पॅकेज चालूच नव्हतं. म्हणजे मी पॅकेज पाहिलं की नाही पाहिलं?

सरांना महिनाअखेर उत्तर हवं आहे. तुम्ही मत का बदललंत, ते खरं लिहा.

दीपा

---

बेलापूर,
२६ मार्च १९९६

चि. दीपास,
अनेक आशीर्वाद.

तू रागावली ते बरोबर हाय. खरं लिहितो.

तुझं दुसरं पत्र आलं त्या दिवशी वहिनी स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, वाचा. वाचलं. मग त्यांनी मला इचारलं की पॅकेज म्हणजे काय ते नीट सांगा. मी सांगितलं, गाडी चिखलातून जाते, ओढ्यातून जाते, चढावरून जाते. मी लई कौतुकानं सांगत होतो. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “साधी गाडी असली तर ती वढ्यापाशी थांबंल. दुसरी असली तर थांबायची न्हाई. भाऊजी, तुमी तिला थांबायची गाडी घ्यायला सांगा.”

तुझे वडील गेल्यावर या बाईनं कधी माझ्याकडं काही मागितलेलं न्हाई. तुला नगरला शिकायला ठेवलं तवा बी न्हाई. म्हणून मी तुला तसं लिहून टाकलं.

पण आता तू इचारतेस म्हणून सांगतो, त्या बोलल्या ते खोटं बी न्हाई. बर्फात साधा ट्रक ज्याच्याकडं असायचा तो ड्रायव्हर भ्यायचा आणि लवकर थांबायचा. चारी चाकांची गाडी ज्याच्याकडं, तो पुढं पुढं जायचा. तो बी अडकायचाच, पण लई लांब जाऊन अडकायचा. तिथं त्याला काढायला कुणी पोचायचं न्हाई. हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं न्हाई कारण तवा मला ते आठवलं न्हाई. आपल्याला पाठ थोपटलेली तेवढी आठवते.

चाकाच्या चकतीचं त्या टायवाल्याला माहीत नसावं याचं मला नवल वाटतं. आमच्या वेळच्या गाड्यांना ती भानगड नव्हती, तवा मला बी ते माहीत नव्हतं हे कबूल करतो.

आता माझं मत इचारशील तर ते सकाळी एक असतं आणि जेवण झाल्यावर दुसरं असतं. तूच ठरव. जे ठरवशील ते मी वहिनींना सांगीन.

तुझा काका,
जालिंदर

---

खर्डा,
१५ एप्रिल १९९६

ती. काका यांना,
सप्रेम जय भीम.

काल इथं जयंतीची मिरवणूक छान झाली. वरच्या वस्तीवरूनही लोक आले होते.

पॅकेजवाली गाडी घ्यायला मी सरांना कळवलं. महिनाअखेरीला, शेवटच्या दिवशी. का घेतली ते सांगता येत नाही. सकाळी फ्रीजसाठी जागा मोजली होती. दुपारी दवाखान्यात वरच्या वस्तीची तीच बाई आली, जिचं मूल गेलं होतं. ती बनुबाईची सून आहे, हे मला तेव्हा कळलं. तिला पुन्हा दिवस गेले आहेत. सप्टेंबरात बाळंत होईल. तिनं गाडीबद्दल काही विचारलं नाही. ती गेल्यावर पोस्टात गेले.

बरोबर केलं का ते माहीत नाही. आईला सांगा की मी थांबायला शिकेन.

तुमची,
दीपा

---

बेलापूर,
२ ऑगस्ट १९९६

चि. दीपास,
अनेक आशीर्वाद.

जूनमध्ये गाडी आली एवढं तुझं कार्ड मिळालं, त्यानंतर पत्र न्हाई. पाऊस तिकडं बरा हाय असं पेपरात वाचलं. गाडी कशी चालते? चकत्या फिरवायला ध्यानात राहतं का? टायरात हवा किती ठेवतेस?

वहिनींना तू काय ठरवलं ते मी एप्रिलमध्येच सांगितलं. त्यांनी बरं म्हणलं. पुन्हा तो विषय काढला न्हाई. पण पोस्टमन येतो तवा त्या बाहेर असतात.

दोन ओळी तरी टाक.

तुझा काका,
जालिंदर

---

खर्डा,
२१ सप्टेंबर १९९६

ती. काका यांना,
सप्रेम जय भीम.

पत्र लिहायला उशीर झाला, काम फार आहे. आनंदाची बातमी सांगते. बनुबाईची सून सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतपण वस्तीवर झालं पण वार पडली नाही आणि रक्तस्राव थांबेना. निरोप आला तेव्हा पाऊस चालू होता. मी गाडी काढली. मुरमाचा रस्ता संपताच उतरून चकत्या फिरवल्या आणि जादा गियर टाकला. काळ्या मातीत गाडी हत्तीसारखी डुलत गेली पण थांबली नाही. ओढ्याला गुडघ्याच्या खाली पाणी होतं. बाईला गाडीत घालून जामखेडच्या दवाखान्यात पोचवलं. तिथं रक्त दिलं. दोघी ठीक आहेत.

तेव्हा पॅकेज घेतलं ते बरंच झालं असं म्हणावं लागेल. एरवी तो गियर नुसता गुडघ्याला लागतो.

माझी तब्येत चांगली आहे. आईला नमस्कार सांगा.

तुमची,
दीपा

---

बेलापूर,
२९ सप्टेंबर १९९६

चि. दीपास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून छाती फुगली. मी गावात चार जणांना वाचून दाखवलं. हे आधी लिहितो कारण पुढचं लिहायला अवघड जातं.

वहिनींना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी हातात मागून घेतलं. त्यांना अक्षर कळत न्हाई हे तुला माहीत हाय. तरी बराच वेळ कागदाकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, “हे तिनं न्हाई लिवलं.” मी म्हणलं, खाली नाव दीपाचं हाय. त्या म्हणाल्या, “तिच्या वळी उजवीकडं वर चढत्यात. ह्या सरळ हायेत. तिच्या हाताला काय झालंय?”

मी हसलो. म्हणलं, मोठी डॉक्टरीण झाली, कंपाउंडरकडून लिहून घेत असंल. मला मनातून वाटत होतं की तू अजून माझ्यावर रागावली हायेस म्हणून स्वतःच्या हातानं लिहीत न्हाईस. तसं असलं तर सांग, मी वाईट वाटून घेणार न्हाई.

हे परवाचं झालं. आज सकाळी त्यांच्या दाराला कुलूप. शेजारणीला सांगून गेल्या की नगरच्या गाडीनं जाते, तिथून जामखेड, तिथून खर्डा. आजवर त्या एकट्या श्रीरामपूरच्या पुढं गेलेल्या न्हाईत. सोबत म्हणून मी निघणार होतो, पण त्या कधी गेल्या तेच कळलं न्हाई.

हे पत्र मिळेल तवा त्या तिथं पोचल्या असतील. पोचल्या का ते लगेच कळव.

तुझा काका,
जालिंदर

---

खर्डा,
६ नोव्हेंबर १९९६

ती. काका यांना,
सप्रेम जय भीम.

आई पोचल्याचं कार्ड आसारामनं लगोलग टाकलं होतं. हे पत्र मात्र माझ्या हातचं आहे. गेल्या आठवड्यात प्लास्टर निघालं. बोटं अजून आखडतात, तेव्हा अक्षर समजून घ्या.

मी तुमच्यावर रागावले नव्हते. माझं मनगट मोडलं होतं.

बनुबाईच्या सुनेला जामखेडला पोचवलं ते सगळं खरं होतं, त्यात काही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुनेसोबत आलेल्या बनुबाईला वस्तीवर सोडायला निघाले. पाऊस थांबला होता. ओढ्यात पाणी वाढलेलं दिसलं. आदल्या दिवशी मी ओढा पार केला होता, काळी माती पार केली होती. मला वाटायला लागलं होतं की ही गाडी कुठेही जाते. ओढा टाळून वरच्या अंगानं, शेताच्या कडेकडेनं एक वाट जाते. साधी गाडी असती तर त्या वाटेकडे मी पाहिलंही नसतं. चकत्या फिरवल्या, गियर टाकला आणि गाडी उतारावर आडवी घातली. चारही चाकं एकदम घसरली, काका. चारही चाकांना जोर असतो, पण चारही चाकांखालची मातीच सरकली तर तो जोर कुठे जातो ते मला कळलंच नाही. गाडी हळूहळू बाजूला गेली आणि बांधाला टेकून कलंडली. बनुबाईला खरचटलं. माझा हात स्टिअरिंगमध्ये अडकला होता.

तुम्हाला कळवलं नाही कारण तुम्ही मोठ्यानं वाचता.

आई आली तेव्हा मी दवाखान्यात पेशंट तपासत होते, एका हातानं. ती दारात उभी राहिली. पिशवी हातात, पदर धुळीनं भरलेला. माझ्या प्लास्टरकडे पाहिलं आणि म्हणाली, “पेशंट होऊ दे आधी.” मग बाकावर बसून राहिली. मला वाटलं, आता रडेल, नाही तर मी सांगितलं होतं म्हणेल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. त्या दिवसापासून माझी वेणी ती घालते, भाकरी ती करते, आणि पेशंटना नंबरानं आत सोडायचं कामही आसारामकडून तिनं काढून घेतलं आहे.

प्लास्टर निघालं तशी काल म्हणाली, मला ती वस्ती दाखव. मी कां कू केलं. ऐकेना. रस्ता आता सुकला आहे, गियर टाकायचीही गरज पडली नाही. जाताना कलंडल्याची जागा तिनं विचारली, मी गाडी थांबवली. ती उतरून बांधापर्यंत गेली, मातीवर पाय रोवून उभी राहिली, परत येऊन बसली. वस्तीवर बनुबाईच्या सुनेनं मुलीला तिच्या मांडीवर दिलं. आई त्या पोरीला किती तरी वेळ न्याहाळत होती. मला तिचा चेहरा वाचता येईना. आनंद होता का? होता. पण तसाच चेहरा तिनं बांधापाशीही केला होता.

परत येताना मी धीर करून विचारलं की आता तुझं काय म्हणणं आहे, ही गाडी घेतली ते बरोबर झालं की चुकलं? ती म्हणाली, “मला काय कळतंय? ती पोरगी बी हाय आन् तुजा हात बी हाय.” आणि बाहेर बघत बसली.

आता तुम्हाला जे विचारायचं आहे ते लिहिते. संस्था कर्जत भागात दुसरा दवाखाना काढते आहे. तिथं रुचा नावाची नवीन डॉक्टर जाणार आहे, आताच शिक्षण संपवून आलेली. तिच्यासाठीही जीप घ्यायची आहे आणि सुमंत सरांनी माझं मत मागवलं आहे. पॅकेज घ्यावं की घेऊ नये, अनुभवावरून कळवा, असं लिहिलं आहे. अनुभव तर आला, पण त्यानं मला शहाणपण काही आलेलं दिसत नाही. ‘घ्या’ लिहायला बसले की मनगट दुखतं. ‘नको’ लिहायला बसले की ती मुलगी दिसते. चार कागद फाडले.

आई भाकरी थापत होती. तिला सरांचं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, तूच सांग, काय कळवू?

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, “त्या नव्या डॉक्टर पोरीच्या आईला इचारलंय का कुनी?”

सुमंत सरांना विचारलं, श्रीमंतला विचारलं, बनुबाईला विचारलं, त्या टायवाल्याला विचारलं, तुम्हाला तर चारचारदा विचारलं. तुमच्या पत्रात आईचं म्हणणं आलं तेव्हाही मी तिला एक ओळ लिहिली नव्हती, तुमच्याकडून निरोप तेवढा धाडला.

रुचाची आई नगरला राहते, एवढं सरांकडून कळलं. येत्या रविवारी आम्ही दोघी जीपनं नगरला जाणार आहोत. तिथं जाऊन त्या बाईंना नेमकं काय विचारायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. आई म्हणते, ते ती बघेल.

तुमची,
दीपा